उजव्या मनगटावरचं घड्याळ

"कसे आहात सर?" असं कुणी विचारलं, की ते आधी उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "सकाळी बरा होतो."

विचारणारा हसायचा. सर हसायचे नाहीत. त्यांनी माहिती दिलेली असायची.

त्यांच्या डाव्या मनगटावर चालणारं घड्याळ असायचं आणि उजव्या मनगटावर बंद पडलेलं. डेअरीत नवा माणूस आला की त्याला वाटायचं, बिचाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही, सांगावं. आणि तो सांगायला जायचा. मग आम्ही लांबून बघत राहायचो, कारण एकदा सरांच्या तावडीत सापडलेल्या माणसाची चहा झाल्याशिवाय सुटका नसायची, आणि तो चहा मलाच करावा लागायचा.

मी त्या डेअरीत झाडलोट आणि चहापाणी बघायचे. डेअरी पुणे रोडला, सुप्याच्या अलीकडे. तेव्हा त्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते आणि रोज कुठून ना कुठून सिमेंटची धूळ यायची. ती धूळ कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊ द्यायची नाही, हे माझं मुख्य काम. त्या खोलीत एसी होता. बाकीच्या बायकांना तिथली थंडी सोसायची नाही म्हणून ती खोली माझ्याकडे आली. मला ती आवडायची. तिथं कुणी फार बोलत नसे, आणि मला बोलायची भीती वाटायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची माझी सवयच गेली होती.

खोलीत दोन मशीनं होती. एक दाराजवळ, एक खिडकीजवळ, आणि दोघांच्या मधे जमिनीवरून गेलेली काळी वायर. कॉम्प्युटरचं काम सर बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वायर दाखवली.

"ताई, ही आतडी आहे. हिच्यावर झाडू नाही फिरवायचा."

मग दाराजवळच्या मशीनवर हात ठेवून म्हणाले, "ही म्हैस. ही दूध देते." आणि खिडकीजवळच्या मशीनकडे बोट करून म्हणाले, "हा तिचा फोटो. सोयरे आले की त्यांना हा दाखवायचा."

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. कळायला वर्षभर लागलं, आणि तेही मला वाटतं पूर्ण नाही. पण मला जेवढं कळलं ते असं.

सकाळी गावोगावचं दूध टेम्पोतून यायचं. प्रत्येक कॅनबरोबर चिठ्ठी असायची. कोणत्या गावाचं दूध, किती लिटर, फॅट किती. ऑपरेटर मुलगी त्या चिठ्ठ्या दाराजवळच्या मशीनमध्ये टाकत जायची. मशीनच्या पोटात वेगवेगळे तक्ते होते. गावांचा तक्ता, दुधाचा तक्ता, गाड्यांचा तक्ता, आम्हा कामगारांच्या हजेरीचा तक्ता. गावाचं नाव फक्त गावांच्या तक्त्यात लिहायचं, बाकी सगळीकडे त्याचा नंबर. सर म्हणायचे, "माणसाचं नाव बारशात एकदाच ठेवतात ना? तसं."

आता वरच्या लोकांना सारखे प्रश्न पडायचे. या महिन्यात कोणत्या गावाचं दूध वाढलं, कोणाची फॅट उतरली. असा मोठा प्रश्न कामाच्या मशीनला विचारला की ते सगळे तक्ते उपसत बसायचं आणि तोपर्यंत नवी चिठ्ठी आत घ्यायचं नाही. मी लागायच्या आधी एकदा भर सकाळी मालकांच्या कुणी पाहुण्याला हौस आली आणि त्यानं वर्षभराचा हिशेब विचारला. मशीन बसलं. चिठ्ठ्या थांबल्या म्हणून कॅन थांबले, कॅन थांबले म्हणून टेम्पो थांबले, आणि ऊन चढलं. फाटकापर्यंत रांग लागली. सरांनी रांगेतल्या शेवटच्या टेम्पोतलं दूध पेल्यात घेऊन ते पाहुण्यापुढं ठेवलं. पाहुण्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"नासलंय की हो!"

"उत्तर तेवढं ताजं आहे," सर म्हणाले.

तेव्हापासून दुसरं मशीन आलं. दुपारी साडेअकराच्या सुमाराला, सकाळच्या चिठ्ठ्या संपल्या की सर सगळ्या तक्त्यांची नक्कल वायरीतून तिकडे पाठवायचे. तहसीलमधून सातबाऱ्याची नक्कल काढतात, तशी. मग कुणी काहीही विचारो, कितीही वेळ विचारो, म्हशीला त्रास नाही. फोटोला विचारायचं.

आणि नक्कल नुसती जशीच्या तशी नसायची. ते एकदा मला समजावून सांगत होते, मी फरशी पुसत होते. "ताई, लग्नात पंगत बसते. प्रत्येकाच्या पानात भात, भाजी, बुंदी. हे कामाचं मशीन. एकेका गावाचं पान. आता तुम्हाला कुणी विचारलं, एकूण भात किती लागला, तर तुम्ही पंगतीत फिरून पानापानातला भात मोजाल का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पातेल्यात बघाल. म्हणून तिकडे मी सगळ्यांचा भात एका पातेल्यात ठेवतो, सगळ्यांची भाजी दुसऱ्या पातेल्यात. विचारणाऱ्याला बरं पडतं." मग जरा थांबून म्हणाले, "जेवायला मात्र तिकडे जायचं नाही."

नक्कल झाली की ते ताळा करायचे. इकडच्या ओळी किती, तिकडच्या किती. मोठ्यानं वाचायचे. जुळल्या की "जुळलं!" म्हणून ओरडायचे आणि टेबलावरची देवपूजेची छोटी घंटी वाजवायचे. पार कॅन धुण्याच्या हौदापर्यंत ऐकू जायचं. तिथल्या बायका म्हणायच्या, "झाली बया सरांची आरती." दसऱ्याला मी दोन्ही मशीनला हळदकुंकू लावून झेंडू वाहिले, तर ते वाकून फुलं मोजायला लागले. म्हशीला एक जास्त पडलं होतं. ते उचलून त्यांनी स्वतःच्या कानावर ठेवलं आणि घंटी वाजवली.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. "कधीचं?"

टेम्पोवाला म्हणाला, रस्ता चांगला झालाय, तर, "कधीचा?" मी म्हणाले, चहात साखर घातलीय, तर, "कधी? उकळायच्या आधी का नंतर?" त्यांची आई काष्टीला असायची. कुणी तिची चौकशी केली तर म्हणायचे, "शनिवारच्या बाजारापर्यंत ठीक होती. बाजाराहून आलेल्या माणसानं सांगितलं." आई आत्ता ठीक आहे असं ते कधीच म्हणायचे नाहीत. "आत्ताचं मला काय माहीत? मी इथं आहे."

एकदा डेअरीतल्या फॅट बघणाऱ्या काकांनी त्यांच्यासाठी स्थळ आणलं. मुलगी राहुरीकडची, शिकलेली, गोरी. काकांनी खिशातून फोटो काढला. सरांनी तो उजेडाकडे धरला, उलटा करून मागं बघितलं आणि विचारलं, "कधीचा?"

काका असे संतापले! "अरे, सोन्यासारखी पोरगी, अन् तू म्हशीचे दात बघावेत तसं काय बघतो?"

गंमत पुढं आहे. सरांचाही फोटो तिकडे गेला होता. आठ-दहा दिवसांनी निरोप आला, की मुलगी विचारतेय, हा फोटो कधीचा आहे? आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता घंटी वाजणार. सर तर दोन दिवस भांग पाडून येत होते. पण पुढं पत्रिकेत काहीतरी निघालं आणि राहिलं. सर म्हणाले, "पत्रिका जन्माच्या वेळची. एवढी जुनी नक्कल कोण धरतं?" पण त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला.

उजव्या हातातलं घड्याळ कसं आलं ते सांगायचं राहिलं.

नकलेच्या मशीनमधून जो कागद छापून निघायचा त्याच्या डोक्यावर सर एक ओळ टाकायचे. ही नक्कल अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंतची आहे, त्यानंतरचं यात नाही. मग आमच्याकडे नवे मॅनेजरसाहेब आले. पुण्याचे. राहायला नगरला सावेडीत, तिथून स्कूटरवर यायचे, तेही अकरा वाजता, म्हणजे सगळे टेम्पो रिकामे होऊन गेल्यावर. दुधाचा त्यांना वासही सोसायचा नाही. रुमाल नाकाला. कॉम्प्युटरवर मात्र भारी जीव. त्यांनी पहिलाच कागद हातात घेतला आणि म्हणाले, "हे वर काय कीर्तन लावलंय? मालकांसमोर ठेवायचा कागद आहे. काढा ते."

सरांनी वाद घातला नाही. ओळ काढली. दुसऱ्या दिवशी ते आले ते दोन घड्याळं घालून. नक्कल झाली की उजव्या घड्याळाचे काटे त्या वेळेला लावायचे आणि चावी बाहेर ओढून ठेवायची, म्हणजे घड्याळ जागच्या जागी थांबायचं. दुसऱ्या दिवशी नक्कल होईपर्यंत तिथंच.

"कागदावर नको म्हणाले ना," सर मला म्हणाले, "मग अंगावर घातलं."

मॅनेजरसाहेबांबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते स्वतःला विज्ञानवादी म्हणवायचे. मशीनला हळदकुंकू लावलेलं त्यांना चालायचं नाही. पण दर अमावस्येला त्यांचं पोट बिघडायचं. दुसरा कुठला दिवस नाही. ऑपरेटर मुलगी त्यांची रजा हजेरीच्या तक्त्यात टाकायची आणि हसू दाबत मला म्हणायची, "साहेबांच्या पोटाला पंचांग कळतं गं."

अमावस्येला मीही कामावर नसायचे. त्याचं कारण वेगळं. आमचं गाव डोंगरावर, टेम्पोच्या वाटेतलं शेवटचं. खालच्या गावापासून वर यायला वळणावळणाचा कच्चा रस्ता. आमच्या गावात अमावस्येचं दूध विकत नाहीत. त्या दिवशी आधी वासरांना पोटभर पाजायचं आणि राहिलेलं डोंगरावरच्या नाथबाबाच्या खिरीला द्यायचं. घरटी सगळ्यांनी. त्यामुळे त्या दिवशी टेम्पो वर यायचाच नाही, आणि टेम्पो नाही तर मी नाही. कारण मी टेम्पोतूनच कामाला जायचे. एसटी आमच्याकडे तेव्हा येत नव्हती. टेम्पोवर बबन होता, माझा चुलत दीर. बबन भावजी गाडीवर होते म्हणून तर सासूबाईंनी मला नोकरीला पाठवलं. कॅबिनमध्ये बसायचं, संध्याकाळी रिकाम्या कॅनांबरोबर परत यायचं.

तर झालं असं. एका अमावस्येला दुपारी सरांनी नक्कल केली, घंटी वाजवली, आणि काष्टीहून निरोप आला की आई आजारी आहे. सर तसेच पिशवी घेऊन निघाले. जाताना ऑपरेटर मुलीला सांगून गेले, "मी येईपर्यंत फोटोला काही विचारायचं नाही. त्याला आजपुढचं माहीत नसणार." आणि उजव्या हातातलं घड्याळ अर्थातच त्यांच्याबरोबर काष्टीला गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पोट बरं होतं. खिडकीजवळच्या मशीनपुढं बसले आणि म्हणाले, "सगळ्यात कमी दूध कोणत्या गावाचं, दाखव."

मुलगी म्हणाली, "सर, नक्कल कालची आहे, ते म्हणाले होते—"

"तू दाखव."

आमच्या गावापुढं शून्य आलं.

पुढच्या दिवशी साहेबांनी परत विचारलं. शून्य. त्याच्या पुढच्या दिवशीही शून्य. येणारच. रोजच्या चिठ्ठ्या दाराजवळच्या मशीनमध्ये नीट पडत होत्या, पण त्या वायरीतून इकडे आणायला सर नव्हते, आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. फोटोत अजून अमावस्याच होती. मुलीनं एकदा पुन्हा सांगून बघितलं, तर साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर आहे तो, कॅलेंडर नाही पान उलटायला." आणि बाकीच्या गावांचे आकडे बघून ते खूश झाले होते. "बघ, शिस्त कशी असते. बाकीची गावं रोज अगदी तेवढंच दूध घालतात. थेंबाचा फरक नाही!"

म्हशींना एवढी शिस्त असती तर आम्हाला डेअरीत नोकरीच करावी लागली नसती. पण बोलणार कोण?

चौथ्या दिवशी संध्याकाळी बबन भावजी गाडीला किल्ली लावता लावता म्हणाले, "वहिनी, आपलं गाव बंद झालंय म्हनं."

"म्हंजी?"

"साहेब म्हनतो, तुमच्या गावाचं दूधच येत न्हाई. डिझेल जाळून वर कशाला जायाचं? उद्या मालक येनार हायेत, त्यांच्याम्होरं सही करनार. परवापास्नं गाडी खालच्या गावातनंच माघारी."

"आन् ह्ये कॅन कुणाचे हायेत मग?" मी मागं बोट दाखवलं.

"म्या त्येच म्हनलो! साहेब म्हनतो, मशीन खोटं बोलत न्हाई. तू बोलतो."

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. गावाचं दूध खाली न्यायला दुसरी गाडी नव्हती. खव्याच्या भट्टीवाला होता, पण तो पाण्याच्या भावात घ्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "तू तिथंच असती ना दिसभर? सांग की त्यास्नी." मी भांडी गोळा करायला लागले. मला वाटत होतं, मी उद्या शेवटची त्या खोलीत जाणार. परवापासून गाडी नाही.

सकाळी मालक आले. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. अंगानं जाड, आवाज मोठा, स्वभाव मोकळा. साहेबांनी त्यांना मुद्दाम कॉम्प्युटरच्या खोलीतच बसवलं. मी चहा घेऊन आत गेले. साहेब कागद दाखवत होते. शेठ म्हणाले, "अहो, पण ते गाव तर जुनं आपलं. एकदम शून्य?"

"सलग पाच दिवस, शेठ. आजचंसुद्धा शून्य. सगळं मशीनमध्ये आहे. हा हुकूम, सही करतो मी."

साहेबांनी पेन उघडलं. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. दाराशी बबन भावजी टोपी हातात घेऊन उभे होते.

तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला. "कधीचं?"

सर होते. एसटीतून उतरून थेट आलेले, पिशवी खांद्यावर, दाढी वाढलेली. चपला काढून आत आले.

"या," साहेब म्हणाले. "आई कशी आहे?"

"सकाळी सहाला बरी होती. पेज प्यायली. हे कधीचं आहे?"

"आजचं. मशीनमधलं."

सरांनी उजव्या घड्याळाकडे बघितलं. मग खिडकीजवळच्या मशीनकडे बघितलं. आणि मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना बघितलं, दह्याचं मडकं सापडलेल्या मांजरासारखं.

"आजचं," ते म्हणाले. "बरोबर. मशीन म्हणतं म्हणजे आजचंच. मशीनवर संशय घ्यायचा नाही. नाही का, साहेब?"

"तेच मी या लोकांना सांगतोय."

"मग शेठ, मशीन उघडलंच आहे तर आजची हजेरीही बघून घ्या. याच मशीनमध्ये आहे." त्यांनी ऑपरेटर मुलीला खूण केली. तिनं हजेरीचा तक्ता काढला. तिचे खांदे हलायला लागले. सरांनी चष्मा वर करून वाचलं.

"मॅनेजर. गैरहजर. कारण, पोट."

साहेब मान लांब करून पडद्याकडे बघायला लागले.

"काय वाचताय?" साहेब म्हणाले.

"मशीन काय म्हणतं ते. शेठ, मॅनेजरसाहेब आज आलेलेच नाहीत. घरी आहेत, सावेडीत." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही पण गैरहजर. हा चहा कुणी आणला?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"तुम्ही आज कामावर आहात का?" सरांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"मशीन तर नाही म्हणतं."

"म्या हाय की हो," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले.

"अवघड आहे," सर म्हणाले. "शेठ, मशीनप्रमाणे तुमच्यासमोरची खुर्ची रिकामी आहे. आता रिकाम्या खुर्चीनं सही केली तर ती धरायची का, हे तुम्ही ठरवा."

शेठना हळूहळू कळत गेलं. आधी त्यांचं पोट हललं, मग खुर्ची हलली, मग ते असे हसायला लागले की चहा बशीत, बशीतून धोतरावर. "अहो, म्हणजे मशीन अजून अमावस्येतच बसलंय!"

साहेब लाल झाले. "टेक्निकल चूक आहे. नक्कल झाली नाही."

"मी म्हणालो होतो, मी येईपर्यंत विचारू नका," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते हात धुऊन आले, बसले, आणि नक्कल सुरू केली. पाच दिवसांचे तक्ते वायरीतून जायला वेळ लागला. तोवर कुणी उठलं नाही. बबन भावजी दारातून आत आले, टोपी घालायची विसरून. सरांनी इकडच्या ओळी वाचल्या. तिकडच्या ओळी वाचल्या.

"जुळलं!"

आमच्या गावापुढचं शून्य गेलं होतं. तिथं आमचं दूध होतं. सासूबाईंच्या दोन म्हशींचंही त्यात कुठंतरी होतं.

सरांनी घंटी उचलली, पण वाजवली नाही. साहेबांपुढं धरली. साहेबांनी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "वाजवा की. आज आलात म्हणून तरी कळू द्या सगळ्यांना."

साहेबांनी वाजवली. विज्ञानवादी माणूस, कशीबशी वाजवली. हौदावरून कुणीतरी ओरडलं, "आज आरती बेसूर का गं?"

जाताना शेठनी बबन भावजींना विचारलं, अमावस्येला शून्य का? भावजींनी खिरीचं सांगितलं. शेठ म्हणाले, "मग मला न्हाई आली कधी खीर." पुढच्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी गावानं किटली भरून खीर माझ्याबरोबर पाठवली. साहेबांनाही दिली. त्यांनी नाथबाबाच्या प्रसादाला नाव न ठेवता दोन वाट्या खाल्ल्या आणि त्यांच्या पोटाला काही झालं नाही.

कागदावरची ओळ परत आली. साहेबांनी स्वतः सांगितलं, टाका. आम्हाला वाटलं, आता सर उजवं घड्याळ काढतील. नाही काढलं. विचारलं तर म्हणाले, "कागद वाचतं कोण?"

दोन-अडीच वर्षांनी त्यांना पुण्याला दुसरी नोकरी लागली. जाताना कुणाचा निरोप घेतला नाही. नक्कल केली, घंटी वाजवली, घंटी तिथंच ठेवली आणि गेले. नंतर जो मुलगा त्यांच्या जागेवर आला तो नक्कल करायचा, पण गुपचूप. हौदावरच्या बायकांना जेवायची वेळ कळेनाशी झाली.

त्यानंतर एकदाच दिसले. टेम्पो सुप्याच्या फाट्यावर वळत होता, आणि ते पलीकडच्या बाजूला नगरची एसटी बघत उभे होते. पिशवी खांद्यावर, केस पिकायला लागलेले. मी कॅबिनच्या खिडकीतून अर्धी बाहेर निघाले आणि भर रस्त्यात ओरडले, "ओ सर! कसे हाय तुमी?"

बबन भावजींनी ब्रेकवर पाय दिला. त्यांनी माझा एवढा मोठा आवाज त्या दिवसानंतर ऐकला नव्हता.

सरांनी मला ओळखलं. हात वर केला, उजवा. मग तो डोळ्यांपुढं आणून घड्याळ बघितलं, नीट, चष्मा वर करून. मागून ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. गाडी पुढं निघाली तेव्हा ते दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले,

"सकाळी बरा होतो!"

तेवढंच मला माहीत आहे.